फरजानाचे तीन रकाने

फरजानाला एका जागी बसवत नाही, हे नवापुरातल्या तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. शिवणकाम करणारी बाई म्हणजे दिवसभर मशीनला चिकटलेली असणार, असं आपल्याला वाटतं. पण फरजाना एक बाही जोडेपर्यंत दोनदा उठते. गॅसवरचं दूध बघते, दारातून रस्ता बघते, फोन उलटा ठेवते, पुन्हा सुलटा करते. तिची जीभही तशीच. घरात हिंदी-मराठीची सरमिसळ, गिऱ्हाइकांशी अहिराणी, सुरतेच्या कापडवाल्याशी गुजराती. एवढ्या धांदलीतही तिने शिवलेला ब्लाउज मात्र अंगावर अचूक बसतो, म्हणून बायका तिच्याकडेच येतात.

तिचा नवरा अन्वर अंड्यांचा टेम्पो चालवतो. नवापूरच्या पोल्ट्रीतून माल भरायचा, सुरतेत उतरवायचा आणि रिकामा टेम्पो घेऊन परतायचं. एक दिवसाआड तो घरी असतो. दोघांना एकच मुलगी, सदफ. बारावीनंतर तिने नंदुरबारच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. पहिलं वर्ष तिने रोज रेल्वेने जाऊन-येऊन काढलं. प्रॅक्टिकल लांबलं की गाडी चुकायची. मग मुलगी तिकडे फलाटावर आणि आई इकडे दारात. म्हणून दुसऱ्या वर्षी तिला नंदुरबारलाच खोली करून दिली. निर्मलाबाई नावाच्या एक बाई घरामागच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींना देतात, डबाही देतात. तिथे सोय झाली.

खोलीचे आणि डब्याचे पैसे फरजाना थेट निर्मलाबाईंना पाठवायची. फोनचं रिचार्ज अन्वर मारायचा. त्याशिवाय सदफच्या हातात महिन्याला पंधराशे रुपये. ते कसे खर्चायचे, हे फरजानाने जुलैतच आखून दिलं होतं. एका वहीत तिने तीन रकाने पाडले: पुस्तकं-झेरॉक्स सातशे, प्रवास चारशे, स्वतःसाठी चारशे. महिना संपला की सदफने तिन्ही आकडे कळवायचे आणि फरजानाने ते वहीत उतरवायचे.

जुलैचा हिशेब ठीक आला. ऑगस्टचा आला तो असा: पुस्तकं-झेरॉक्स अकराशे, प्रवास चारशे, स्वतःसाठी शून्य.

अन्वर खूश झाला. म्हणाला, "बघ, किती समंजस पोर आहे. सगळं पुस्तकांवर घालते."

फरजानाने ते शून्य वहीत दोनदा गिरवलं. सप्टेंबरचा हिशेब आला. पुन्हा तेच तीन आकडे. अकराशे, चारशे, शून्य. फरजानाने त्याच वेळी फोन लावला.

"साबण?"

"आहे अजून, अम्मी."

"तेल? मैत्रिणींबरोबर चहा वगैरे?"

"मी नाही पीत चहा."

"कधीपासून?"

"अम्मी, लेक्चर आहे. ठेवते."

एकोणीस वर्षांची मुलगी दोन महिने स्वतःवर एक रुपया खर्च करत नाही, हे फरजानाला पटेना. पैसे जास्त गेले असते तर ती ओरडली असती आणि मोकळी झाली असती. या शून्यावर ओरडणार कसं? त्यात सदफ दोन शनिवार घरी आली नव्हती. प्रोजेक्ट आहे, म्हणाली होती. फरजानाच्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. कोणी पैसे मागत असेल का तिच्याकडे? आजारी असेल? कोणी मुलगा? मशीनवर बसली की दोरा तुटायचा, आणि दोरा ओवायला घेतला की तिला फोन आठवायचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका बुधवारी तिची जुनी गिऱ्हाईक प्रमिलाबाई ब्लाउज न्यायला आली. ब्लाउज तयार नव्हता. फरजाना काजं करायला बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"तुले काय व्हयनं व?" प्रमिलाबाईने विचारलं. "सकायपासून काय करी ऱ्हायनी तू?"

फरजानाने सगळं सांगितलं. प्रमिलाबाईने वही हातात घेऊन शून्याकडे पाहिलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण शून्य कळतं.

"मंग आठे बसीसन काय व्हई? जा, इचारी ये. मन्हा ब्लाउज ऱ्हाऊ दे."

फरजानाने बुरखा चढवला, पर्स घेतली आणि दुपारची पॅसेंजर गाठली. सदफला कळवलं नाही. अन्वर सुरतेच्या वाटेवर होता, त्यालाही नाही. गाडी चिंचपाड्याला थांबली, खांडबाऱ्याला थांबली, मध्ये एका ठिकाणी उगीचच थांबली. खिडकीशी बसलेली फरजाना दर थांब्यावर उठून दाराशी जात होती. समोरच्या म्हातारीने शेवटी विचारलं, "बेटी, तुला इथेच उतरायचंय का?"

ती निर्मलाबाईंच्या घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते.

"सदफ? ती आत्ताच गेली," निर्मलाबाई म्हणाल्या. "रोज चारला जाते, साडेपाचपर्यंत येते. क्लासला जाते ना?"

"कसला क्लास?"

निर्मलाबाईंचा चेहरा बदलला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

फरजाना खोलीत गेली. पलंग नीट आवरलेला होता. फळीवर वह्या होत्या, कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलं एक पुस्तक होतं. बावीसशे रुपयांची पुस्तकं तिथे असायला हवी होती, त्यातलं एकही नव्हतं. जुलैत सदफने दोन पुस्तकं घेतल्याचे फोटो पाठवले होते. निळ्या पुठ्ठ्याचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं आणि दुसरं एक. तीही नव्हती. मोरीत साबणदाणीत साबणाचे दोन झिजलेले तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवलेले होते.

फरजानाने ते तुकडे हातात घेऊन पाहिले. मुलगी खरंच स्वतःवर काही खर्च करत नव्हती. मग पैसे जात होते कुठे?

पुस्तकांचं दुकान कुठलं, ते तिला माहीत होतं. सदफला खोलीवर सोडायला आली तेव्हा मायलेकी वह्या घ्यायला तिथे गेल्या होत्या. पुखराजशेठ तिथे नवी पुस्तकंही विकतात आणि जुनी पुस्तकंही घेतात. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. आज त्यांची नात जिया सदफच्याच वर्गात आहे आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसते. फरजाना जवळजवळ धावतच तिथे पोचली.

"सदफ?" पुखराजशेठ चष्म्यावरून बघत म्हणाले. "हो, येते ना. पण घ्यायला नाही. ऑगस्टमध्ये दोन पुस्तकं परत देऊन गेली. चारशे दिले मी. साडेतीनशे म्हणत होतो, पण तुमची मुलगी भाव सोडत नाही."

गल्ल्यावरची जिया खाली मान घालून पावतीपुस्तक चाळू लागली. फरजाना तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"जिया, तुला माहीत आहे ती कुठे जाते?"

"काकू..."

"मी नवापूरहून आले आहे. मला माहीत झाल्याशिवाय मी जाणार नाही."

"काकू, घाबरू नका. वाईट काही नाही. पण मी सांगितलं असं तिला म्हणू नका." जियाने आजोबांकडे पाहिलं. "गावाबाहेर नव्या प्लॉटांचा मोठा रस्ता आहे ना, तिथे असेल आत्ता."

"तिथे काय आहे?"

"तुम्हीच बघा."

फरजानाने रिक्षा केली. एरवी तिने भाव केला असता. आज मागतील तेवढे दिले. नव्या प्लॉटांच्या रस्त्यावर अजून घरं कमी होती. कडेला वाळूचे ढीग, अर्धवट भिंती, चरणाऱ्या शेळ्या. दुकान नाही, क्लासची पाटी नाही. रिक्षावाला परत गेला आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आपण काय शोधतोय, हेच तिला कळत नव्हतं. ती थोडी पुढे गेली, परत मागे आली, जियाला फोन करायला पर्स उघडली.

तेवढ्यात वळणावरून एक पांढरी छोटी गाडी आली. टपावर मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा फलक, पुढे लाल अक्षरातला एल. गाडी सरळ येत होती, पण फारच हळू. चालवणारीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं आणि मान पुढे काढलेली होती. ओढणी गळ्याभोवती गुंडाळून मागे टाकलेली. फरजानाने आधी ओढणी ओळखली. ती तिनेच शिवून पिको केलेली होती. मग चेहरा.

सदफनेही तिला पाहिलं. गाडीने हिसका दिला आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

मागून एक ट्रॅक्टर येत होता, त्याने हॉर्न धरला. शेजारच्या सीटवर बसलेला तरुण शिकवणारा, धीरज, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ताई, बाजूला व्हा जरा, नवीन आहे मुलगी!"

"ती माझीच मुलगी आहे," फरजाना म्हणाली.

धीरजने डोकं आत घेतलं. सदफ गाडीतून उतरू लागली. "अम्मी, आप..."

"उतरू नकोस," फरजाना म्हणाली. "बंद पडलीय ना? आधी चालू कर. मागे माणूस खोळंबलाय."

सदफने किल्ली फिरवली. गाडी पुन्हा हिसका देऊन थांबली. ट्रॅक्टरवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला. धीरज हळू आवाजात काहीतरी सांगत होता. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि गाडी कडेला येऊन थांबली. ट्रॅक्टर निघून गेला. मग फरजाना मागचं दार उघडून आत बसली.

"अजून किती वेळ बाकी आहे?" तिने धीरजला विचारलं.

"पंधरा मिनिटं. पण आज राहू दे, ताई. तुमचं काय ते..."

"पैसे भरलेत ना? मग तास पूर्ण करा."

ती पंधरा मिनिटं तिघांनाही लांब गेली. फरजाना पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि एका हाताने पुढची सीट धरली होती. रागाने तिचे कान तापले होते. मुलगा वगैरे काही नाही हे कळून जीव भांड्यात पडला होता, आणि आपल्याला तसं वाटलं याची तिला लाजही वाटत होती. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडीचा आवाज बदलला आणि अर्धवट घरं भराभर मागे जाऊ लागली, तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहायचं ठरवलं. पण तिची नजर मुलीच्या मानेवरून हलेना. सदफची मान घामाने ओली झाली होती. शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी व्हायची तशी.

निर्मलाबाईंच्या घराकडे दोघी चालतच निघाल्या.

"फी किती?"

"चार हजार. लायसन्सच्या कागदांसकट." सदफ खाली बघत बोलत होती. "ऑगस्टपासून दर महिन्याचे अकराशे. पुस्तकं विकून चारशे आले. अजून तीनशे द्यायचेत."

"मग मला पुस्तकं म्हणून का लिहिलंस?"

"स्वतःसाठी अकराशे लिहिले असते तर तू दुसऱ्या दिवशी इथे आली असतीस."

"शून्य लिहिलंस म्हणूनच आले."

सदफ थांबली. तिला हे अपेक्षित नव्हतं. फरजाना मात्र चालत राहिली, मग थांबून मागे वळली. "कशासाठी शिकतेस? अब्बूचा टेम्पो चालवायचाय? नोकरी मिळणार आहे कुठे?"

"कशासाठी नाही."

"कशासाठी नाही म्हणजे?"

"मला यावंसं वाटलं. बस्स. पहिल्या वर्षी रोज स्टेशनवर उभी असायची ना, गाडी कधी येईल, आली तर जागा मिळेल का. त्या वेळी वाटायचं की आपल्याला काहीतरी चालवता यायला हवं."

फरजानाने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिने दुसरंच विचारलं, "अभ्यासाचं काय?"

"ऑरगॅनिकमध्ये तीसपैकी अकरा आले."

"अकरा!"

"ग्रंथालयातलं पुस्तक आठवडाभरच मिळतं. मग दुसरा मुलगा नेतो."

रस्त्यात उभं राहून फरजाना बोलली ते सगळं इथे लिहिण्यात अर्थ नाही. खोटं बोललीस इथून सुरुवात झाली आणि साबणाच्या तुकड्यांपर्यंत ते गेलं. सदफ रडली. शेवटी फरजाना म्हणाली, "आता अब्बूला फोन लाव. मी सांगणार नाही. तू सांग."

अन्वर त्या वेळी सुरतेत माल उतरवत होता. सदफने अडखळत सगळं सांगितलं. मग तो एवढंच म्हणाला, "मला विचारलंस?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तरी शांत होता. जेवण अर्धवट टाकून उठला. फरजानाला वाटलं, त्याला पैशांचा राग आहे. पण तो म्हणाला, "पैसे गेले तर गेले. वीस वर्षं मी टेम्पो चालवतोय. धुळ्याची फेरी असली की कोंडाईबारीचा घाट लागतो. दरीत पडलेले ट्रक बघितलेत, त्यातून बाहेर काढलेली माणसं बघितलीत. माझी मुलगी पुस्तक वाचेल, पंख्याखाली बसून नोकरी करेल, म्हणून मी रस्त्यावर आहे. आणि ती तोच रस्ता शिकायला पैसे चोरते?"

"चोरले नाहीत. तिचेच होते. खोटं लिहिलं, ती तिची चूक."

"तू तिची बाजू घेतेस?"

"नाही घेत," फरजाना म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं की ती कोणाची बाजू घेतेय.

तिने आपल्या परीने व्यवस्था लावली. आधी पुस्तकं. ती पुन्हा पुखराजशेठांकडे गेली. एक पुस्तक विकलं गेलं होतं. ऑरगॅनिकचं निळं शिल्लक होतं. शेठनी ते दोनशेलाच परत दिलं. "नफा नको, पण बाहेर बोलू नका. उद्या सगळ्या मुली याच भावाने मागतील." राहिलेले तीनशे फरजानाने स्वतः भरले, पण ते नोव्हेंबरच्या पंधराशेतून कापले. आणि रकान्यांचा नियम बदलला. स्वतःसाठीच्या चारशेतले दीडशे पुस्तकांकडे वळवले; राहिलेल्या अडीचशेचा हिशेब यापुढे विचारायचा नाही. उरलेल्या सगळ्याचे आकडे खरे यायला हवेत, पुस्तकांच्या पावतीसह.

"अडीचशेत मी काहीही करू?" सदफने फोनवर विचारलं.

"काहीही. फक्त आधी साबण घे."

दिवाळीच्या सुट्टीआधी सदफने लायसन्सची परीक्षा दिली आणि नापास झाली. गाडी मागे घेताना आखलेल्या रेषेबाहेर गेली. ती घरी आली तेव्हा अन्वर तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. ताट दे, पाणी दे, दार लाव. चार दिवस असे गेले. फरजाना दोघांच्या मधून ये-जा करून थकली. एका खोलीत तो, दुसरीत ती, आणि मशीनवर अर्धवट शिवलेले सात ब्लाउज.

पाचव्या दिवशी अन्वर पहाटेची फजरची नमाज पढून आला. बाहेर उजाडत होतं. सदफ दारात ब्रश करत होती. त्याने टेम्पोची किल्ली तिच्यापुढे धरली. "तोंड धुऊन घे. चल."

"कुठे?" फरजानाने विचारलं.

"विसरवाडीपर्यंत. रिकामाच आहे टेम्पो. सपाट रस्ता येईल तिथे बघतो हिला काय येतं ते."

दोघं गेली. फरजानाने चहा केला, तो निवला. झाडलोट केली. एक ब्लाउज घेतला, उलटी बाही जोडली, उसवली. आठ वाजले. तिने फोन लावला नाही. चालवताना फोन वाजला तर? नऊ वाजता ती हायवेपर्यंत चालत गेली. ट्रक जात होते, गुजरातच्या एसट्या जात होत्या. प्रत्येक टेम्पो तिला आपलाच वाटत होता. पानटपरीवाल्याने स्टूल दिलं, तिच्याने बसवलं नाही.

साडेनवाला टेम्पो आला. अन्वर चालवत होता, सदफ शेजारी होती. खाली उतरून तिने तळहात दाखवले. दोन्ही लाल झाले होते.

"अब्बूने एका शेताच्या बांधाजवळ वीस वेळा मागे घ्यायला लावलं."

अन्वर टेम्पोचं दार आपटत म्हणाला, "रिव्हर्स येतच नाही हिला. त्या मास्तरने काय चार हजाराचं शिकवलं, कोण जाणे." आणि फरजानाकडे न बघता टपरीवर तिघांचा चहा सांगितला.

सुट्टीभर तो तिला एक दिवसाआड नेत राहिला. दुसऱ्या वेळी सदफ लायसन्सच्या परीक्षेत पास झाली. डिसेंबरच्या सेमिस्टरला ऑरगॅनिकही निघालं, काठावर. अन्वरने अजून भरलेला टेम्पो तिच्या हाती दिलेला नाही आणि घाटाचं नाव काढू देत नाही. सदफ म्हणते, तिसऱ्या वर्षी देईल. तो म्हणतो, बघू.

फरजानाकडे दर महिन्याला तिन्ही आकडे येतात, पावत्यांसह. अडीचशेबद्दल ती विचारत नाही. ओठांवर येतं, पण विचारत नाही. या जानेवारीत मात्र सदफनेच फोन केला.

"अम्मी, अडीचशे पुरत नाहीत. चारशे कर."

"कशाला?"

"तू विचारणार नव्हतीस."

"विचारत नाहीये," फरजाना मशीनवरून उठत म्हणाली. "पण प्रवासातून काढावे लागतील. दर शनिवारी घरी येतेस, ते एक सोडून एक करशील?"

फरजाना दाराशी गेली, परत आली, पुन्हा दाराशी गेली.

"नको," ती स्वतःच म्हणाली. "शनिवार राहू दे. बघते मी काहीतरी."